मदत हवी आहे: फोनच्या चित्रणावरून विजेचे आघात कसे मोजावेत?

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमच्या अकराव्या मजल्यावरील खिडकीतून खाडीपलीकडचे आकाश मोकळे दिसते, आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सह्याद्रीकडून सरकत येणारे वादळी ढग मी तिथूनच तिपाईवर फोन लावून, सेकंदाला 240 फ्रेम या वेगाने चित्रित करतो. (ऐन पावसाळ्यात मुंबईत पाणी भरपूर, विजा मात्र त्या मानाने कमीच.) जमिनीवर पडणारी वीज डोळ्यांना एकदाच लुकलुकल्यासारखी वाटली, तरी तिच्यात बहुधा तीन-चार आघात (लागोपाठ येणारे विजेचे वेगवेगळे झोत) असतात, मला ते मोजायचे आहेत.

ज्या चित्रफितीवर अडलो आहे, तिच्यात गडगडाट 14 सेकंदांनी ऐकू आला, म्हणजे वीज पावणेपाच-पाच किलोमीटरवर पडली असावी. सुरुवातीला मी पाच आघात मोजले होते. नंतर लक्षात आले की एका फ्रेमचा खालचा दोन तृतीयांश भाग पांढरा आहे आणि पुढच्या फ्रेमचा फक्त वरचा एक तृतीयांश, व दोन्हींतील सीमारेषा पट्टीने आखावी तशी सरळ आहे. फोनचा सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने एकच आघात दोन फ्रेममध्ये विभागला गेला, हे उघड आहे; तेव्हा आघात चारच. दुसऱ्या व तिसऱ्या आघातात 13 फ्रेमचे, म्हणजे सुमारे 54 मिलिसेकंदांचे अंतर आहे आणि ते अपेक्षेप्रमाणेच आहे.

खरी अडचण चौथ्यानंतरची आहे. विजेची वाट पुढे जवळपास 30 फ्रेम मंद उजळत राहते आणि एकोणिसाव्या फ्रेमला पुन्हा किंचित प्रखर होते. वाट आधी पूर्ण विझली असेल तर तो नवा आघात, आणि न विझता उजळली असेल तर आघातानंतर वाटेतून वाहत राहिलेल्या प्रवाहातील चढउतार, एवढे मला ठाऊक आहे. परंतु फोन एक्स्पोजर आपोआप बदलतो आणि अंधारात चित्रावर दिसणारे बारीक कण पुसून टाकतो, त्यामुळे ‘विझली’ हे कोणत्या पातळीला म्हणावे? आजूबाजूच्या ढगाचा उजेड वजा करण्याची एखादी पद्धत कुणी वापरली आहे का? शिवाय फोन मध्येच फ्रेम गाळतो, म्हणून प्रत्येक फ्रेमची नेमकी वेळ काढण्याचा खात्रीचा मार्गही कृपया सुचवावा.

मूळ फाइल पाठवण्याची तयारी आहे. गच्चीवरून चित्रण करण्याचा सल्ला मात्र कृपया देऊ नये. विजा कडाडत असताना मी गच्चीवर जात नाही.