सोपा ट्रेक आणि त्याच भागात गावात काम – इंदूरहून तिघं, मदत हवी आहे

रामबागची_मावशी

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, आमची मराठी इंदुरी आहे. मधेच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्या.

दसरा झाला की निघायचं आणि दिवाळीच्या फराळाला घरी परत यायचं, असे प्रवास धरून चौदा दिवस हातात आहेत. चार-पाच दिवस डोंगरात चालायचं आणि उरलेले दिवस तिथल्याच एखाद्या गावात राहून काही उपयोगी काम करायचं, असं मनात आहे. हिमालय हवा आहे. बर्फ नसला तरी चालेल, समोर दिसला म्हणजे झालं.

आम्ही तिघं. मी ५७, बावीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. हे ६२, बँकेतून निवृत्त, चढ चढतात पण उतारावर उजवा गुडघा कुरकुर करतो. तिसरी भाची, वय २०, तिचं काहीच दुखत नाही. रोज सकाळी पिपल्यापाल्याच्या तलावाकाठी पाच-सहा किलोमीटर चालतो. वरपर्यंत गाडीरस्ता असूनही जानापावला दोनदा पायथ्यापासून चढून गेलोय. म्हणजे अगदीच पोहे-जलेबी पार्टी नाही.

आता खरी अडचण. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेतर्फे (नाव देत नाही, विचारूही नका) असंच पहाडात गेलो होतो. 'ट्रेक आणि सेवा' असं पॅकेज होतं, माणशी बरेच पैसे भरले. सेवा म्हणजे गावातल्या शाळेची भिंत रंगवायची. आम्हाला आकाशी रंगाचा डबा आणि चार ब्रश दिले. रंग नीट बसावा म्हणून ह्यांनी पॉलिश पेपरने कोपरा घासायला घेतला, तर आकाशीखाली पिवळा, पिवळ्याखाली गुलाबी, त्याच्याखाली हिरवा. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या पोपड्यात चार रंग! चांगली भिंत होती हो. कुठे ओल नाही, तडा नाही. तिसरीतली एक मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "आंटी, अबकी बार कौन सा रंग?"

त्या दिवशी मी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. पोरांचा मात्र आमच्यासाठी स्वागतगीत म्हणण्यात गणिताचा तास गेला, आणि शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला ते जास्त लागलं.

तर विचारायचं आहे ते असं. आमच्या वयाला आणि ह्यांच्या गुडघ्याला झेपेल असा ट्रेक कुठला? आणि गावात आमची लुडबुड न होता खरंच उपयोग होईल, अशी जागा शोधायची कशी? संस्थांच्या वेबसाइट मी पाहिल्यात, सगळीकडे हसणारी मुलंच आहेत.

---

पावागड_रविवार

मावशी, मी बडोद्याचा. ट्रेकपुरतं लिहितो, सेवेतलं मला कळत नाही.

'सोपा' हा शब्द ट्रेकवाल्यांचा मानू नका. केदारकंठाला सगळे सोपा म्हणतात, पण तो ३,८०० मीटरच्या वर जातो. तुम्ही राहता साडेपाचशे मीटरवर. २,५०० च्या पुढे कोणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, तिथे रोजच्या चालण्याचा मेडल कोणी बघत नाही. ३,००० च्या वर गेलात तर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसतं बसायचं. डोकं दुखतंय, जेवण नको वाटतंय, मळमळतंय असं झालं तर तिथेच थांबा. वाढलं तर खाली उतरा, सकाळची वाट बघू नका. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी काकांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

हर की दून सुंदर आहे. सांकरीहून तालुका, गंगाड, ओसला अशी लाकडी घरांची गावं लागतात, चढ छातीवर येत नाही. पण रोजची चाल लांब आणि त्याच वाटेने परत यायचं, त्यामुळे गुडघा बोलेल. नाग टिब्बा ३,०२२ मीटर, दोन दिवसांत होतो, पण पंतवाडीकडचा उतार काकांना आवडणार नाही.

तुमच्यासाठी मी उत्तराखंडात कुमाऊँतलं मुनस्यारी धरेन. गाव २,२०० मीटरच्या आसपास, समोर पंचाचूलीची बर्फाळ शिखरं. तिथे मुक्काम ठेवून रोज हिंडायचं, आणि अंगात आलं तर एक दिवस खलिया टॉप, साधारण ३,५००. अर्ध्यातून परत फिरलात तरी डोंगर समोरच असतो. रात्री झोपायला खाली, हा मोठा फायदा. गवतावर तंबू देतो असं कोणी म्हणालं तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, रात्री राहायला उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली होती.

दोन काठ्या घ्या, एक नव्हे. आणि सराव चढायचा नाही, उतरायचा करा. मी दर रविवारी पावागडला जातो, रोप-वेने वर आणि पायऱ्यांनी खाली. लोक उलटं करतात.

---

स्पष्ट_बोलतो

एवढा खर्च करून पहाडात सेवा करण्यापेक्षा इंदुरातच वस्तीत जाऊन शिकवा की. इन्स्टावर फोटो मिळणार नाहीत एवढंच.

---

रामबागची_मावशी

@स्पष्ट_बोलतो, मंगळवार-शुक्रवार तेच करते, सहा वर्षं झाली. इन्स्टावर मी नाही. चहा प्यायला या कधीतरी.

@पावागड_रविवार, रोप-वेने वर आणि पायी खाली! ह्यांना वाचून दाखवलं, खूश झाले. जानापावला गाडीने वर जायला आता अधिकृत कारण मिळालं.

---

जीवाजीगंज

ग्वाल्हेरहून लिहितोय. मावशी, तुमच्या भिंतीवरून एक सांगतो. कुठल्याही संस्थेला विचारा, आम्ही आलो नसतो तर हे काम कोणी केलं असतं? गावातल्या रंगाऱ्याने चार दिवस रोजंदारीवर केलं असतं, असं उत्तर असेल तर तुम्ही पैसे भरून त्याची मजुरी बुडवली. कोणीच केलं नसतं असं उत्तर असेल तर मग कामाचीच गरज नव्हती. तुमच्या भिंतीत दोन्ही दिसतंय.

आठ दिवसांसाठी शाळेत शिकवायला जाऊ नका. हे तुम्हाला मी काय सांगणार, नवीन बाई आल्या की वर्ग रुळायलाच पंधरवडा जातो. अनाथाश्रम तर अजिबात नको. मुलांना लळा लावून निघून यायचं, हे पुण्य कोणाच्या खात्यात लिहायचं?

पावागडरावांनी मुनस्यारी म्हटलं ते बरं झालं. मुनस्यारीला लागूनच सरमोली गाव आहे. तिथल्या बायकांनी स्वतः होमस्टे उभे केले आणि गावची वनपंचायतही जागती ठेवली. २०२३ साली केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने सर्वोत्तम पर्यटन ग्राम म्हणून निवडलं ते हेच. वनपंचायत म्हणजे काय हे जाण्याआधी थोडं वाचून घ्या. इंग्रजांनी जंगलं ताब्यात घेतली, कुमाऊँत १९२१ मध्ये लोक भडकले, जंगलं पेटली, तेव्हा कुठे १९३१ पासून गावांना आपलं जंगल आपण सांभाळायचा हक्क मिळाला. गवत कोणी, कधी, किती कापायचं हे तिथे ठरतं. तुम्ही जाल तेव्हा हिवाळ्यासाठी गवत कापून गंजी रचायचे दिवस असतील.

माझं मत: आधी होमस्टेचे पाहुणे म्हणून पूर्ण पैसे देऊन जा, घासाघीस करू नका. त्या घरात जाणारा पैसा हीच पहिली मदत. बाकीचं फोनवर त्यांनाच विचारा. आम्हाला काय येतं ते सांगायचं, काय करणार ते नाही.

---

खंडव्याचा_निमाडी

मला एक कळत नाही, डोंगर म्हटलं की इंदूरवाले उत्तरेलाच का तोंड करतात? सातपुडा तुमच्या दारात आहे. मेळघाट बघा. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, शेजारी गाविलगड, उंचीचा त्रास शून्य. पुण्याची मैत्री ही संस्था १९९७ पासून तिथल्या कोरकू गावांत काम करते. पावसाळ्यात बाळं दगावण्याचं प्रमाण वाढतं म्हणून त्या दिवसांत बाहेरचे स्वयंसेवक पाळीपाळीने जातात, काम आधीपासून ठरलेलं असतं. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचं बैरागडही तिकडेच, २०१९ ला पद्मश्री मिळाली त्यांना.

कोरकू ही मराठी-हिंदीच्या नात्यातली नाही, मुंडा कुळातली भाषा आहे, तेव्हा दुभाषा लागेल. आमच्या भागातही कोरकू आहेत, मला चाळीस वर्षांत वीस शब्द आले. तुमची तारीख दिवाळीची आहे म्हणून या वर्षी जमणार नाही, पण पुढच्या श्रावणात विचार करा. बर्फ मात्र दिसणार नाही हं.

---

अनु_५२

जीवाजीगंज यांना +१. रस्त्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून: इंदूर-दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम रात्रीची गाडी, पुढे मुनस्यारी २८० किलोमीटरच्या आसपास. पहाडात एवढं एका दिवसात करू नका. अल्मोड्याला किंवा चौकोडीला मुक्काम टाका. थलच्या पुढे बिर्थीचा धबधबा लागतो आणि मग कालामुनीची खिंड, वळणं फार. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसा, आणि सकाळी शेव खाऊन निघू नका (अनुभव आहे). रोख पैसे जवळ ठेवा.

---

रामबागची_मावशी

सगळ्यांचे आभार. निमाडीदादा, मेळघाटचं डायरीत लिहिलंय, पुढच्या वर्षी.

काल सरमोलीच्या एका होमस्टेवाल्या ताईंशी बोलले. जीवाजीगंज यांनी सांगितलं तसंच, काय येतं ते सांगितलं. राजमा तोवर निघून गेलेला असेल, गवत मात्र बाकी असेल म्हणाल्या. मी उत्साहाने म्हटलं, कापायला शिकू. त्या हसल्या. "दीदी, ढलान पे दरांती हम चलाएँगे, आप लोग बस गिरना मत." म्हणजे आम्ही भारे बांधायला, तेही जमलं तर. गणिताचं म्हटलं तर म्हणाल्या, शाळेत नको, संध्याकाळी माझा मुलगा दहावीला आहे, त्याला बसवा. एक मुलगा. चालेल.

मग सहज म्हणून सांगितलं की हे बँकेत होते. पलीकडे एकदम शांतता. मग, "बैंक में? भाईसाहब को तो ज़रूर लाइए. हमारी चार जनी की केवाईसी अटकी पड़ी है, नाम में आधार में देवी है, पासबुक में नहीं है."

ह्यांनी स्पीकरवर सगळं ऐकलं. चौतीस वर्षं ज्या काउंटरपासून पळायला निवृत्तीची वाट बघितली, ते काउंटर पंचाचूलीसमोर मांडलेलं आहे! पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग कपाटातून जुनं लेटरपॅड आणि स्टॅम्प पॅड काढलं आणि मला म्हणाले, "नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागेल बहुतेक. तहसील कुठे आहे तिथे, विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. कोणाला माहीत असेल तर सांगा, मुनस्यारीत तहसील कार्यालय आणि नोटरी बाजारापासून किती लांब पडतं? चढ आहे की उतार? उतार असेल तर परत येताना ह्यांना चालेल, जाताना गाडी करू.