ओकायामा शहराच्या इतिहासाविषयी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारले आहे, त्या बागेच्या जपानमधील ओकायामा शहरावर मी एक लेख लिहीत आहे. दाइम्यो (जपानी सरंजामदार) इकेदा त्सुनामासा याने करवून घेतलेली ही बाग 1700 साली पूर्ण झाली आणि 1884 मध्ये लोकांसाठी खुली झाली. 29 जून 1945 च्या पहाटे झालेल्या हवाई हल्ल्यात शहराचा बहुतांश भाग जळाला, काळ्या भिंतींमुळे 'कावळ्याचा किल्ला' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किल्ल्याचा मुख्य बुरूज नष्ट झाला आणि बागेचीही मोठी हानी झाली. मात्र एदो काळातील (1603 ते 1868) चित्रांच्या आधारे ती पुन्हा पूर्ववत करण्यात आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. किल्ल्याचा आजचा बुरूज 1966 मधला, काँक्रीटचा आहे. किल्ल्याचा त्सुकिमी नावाचा दुसरा, मूळचा बुरूज मात्र त्या आगीतून वाचला.

माझी अडचण बागेबाहेरच्या शहराची आहे. 1972 मध्ये शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आल्यावर जुन्या बाजारपेठेचे काय झाले? आसाही नदीकाठच्या जुन्या वस्तीच्या खुणा आज कुठे दिसतात आणि ट्रामने फिरताना त्या पाहता येतील का? तिथे राहिलेल्या किंवा शिकलेल्या मराठी मंडळींनी स्वतः पाहिलेले कृपया सविस्तर लिहावे. युद्धापूर्वीचे नकाशे वा छायाचित्रे कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळतात, हेही कळवल्यास मी आपला ऋणी राहीन.