गोवा १९६७: सार्वमतात हरलेला पक्ष लगेच निवडून कसा आला?

मीनल_सातारा:
१६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. विलीनीकरण हा तर मगोचा, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, मुख्य मुद्दा. तरी मार्चच्या निवडणुकीत मगोच जिंकला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मग खरा जनादेश कुठला मानायचा?

म्हापशेकर:
मीनलताई, दोन्ही खरे. आमच्या घरात वडिलांचा शिक्का फुलावर, म्हणजे विलीनीकरणावर. मामांचा दोन पानांवर, म्हणजे वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्यावर. मार्चमध्ये मात्र दोघांचंही मत मगोला! मामा कुळ होते. कसत्या जमिनीला संरक्षण आणि गावात मराठी शाळा भाऊंच्या राजवटीतच आली. राज्य भाऊंचंच हवं, पण ते पणजीतून चालावं, मुंबईतून नको, एवढंच त्यांचं म्हणणं. 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीत असूनही विलीनीकरणाच्या विरोधात लिहायचं, आणि मामा ते मोठ्याने वाचून दाखवायचे. वडील उठून बाहेर जात.

सार्वमताचा निकाल संघप्रदेशाला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाड्यावर हरलेली माणसं होतीच. ती अजून आहेत, आणि त्यांना कुणी महाराष्ट्राचे दलाल म्हटलं की मला आजही राग येतो.

स्लाववासी:
आमच्याकडे ब्रिटनमध्ये २०१६ ला युरोपीय संघावर सार्वमत झालं; बाहेर पडायला ५२ टक्के, राहायला ४८. मतपत्रिकेवर राहायचं की बाहेर पडायचं एवढंच. बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कसं, ते नव्हतंच. म्हणून २०१९ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेने तीनदा फेटाळला. प्रत्येक गट म्हणे, जनादेश आमचाच. ऑफिसात तो विषय आजही काढत नाही आम्ही.

मीनल_सातारा:
म्हापशेकरकाका, गोव्यात पर्याय पुरेसे होते का?

म्हापशेकर:
नव्हते. स्वतंत्र घटक राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते मिळालं ३० मे १९८७ ला. मधल्या काळात कोकणी-मराठी वाद इतका पेटला की माणसं जिवानिशी गेली. ती जखम सार्वमताने भरली नव्हती.

पण एक गोष्ट तेव्हा नीट झाली. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. त्यामुळे मतदान मगोच्या हाताखाली झालं नाही. हरल्यावर वडिलांना दुःख झालं, पण फसवलं असं ते कधी म्हणाले नाहीत.

स्लाववासी:
इथे उलट. मतदानाआधी सरकारी खर्चाने घरोघर पत्रक आलं, 'युरोपात राहा' सांगणारं. बाहेर पडा म्हणणारे शेजारी ते पत्रक अजून काढून दाखवतात.