मदत हवी आहे: देव ‘तो’ की ‘ती’?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावकडच्या खानापूरजवळचे. घरात मराठी, लेकीची शाळा कन्नड. परवा देवासमोर वात लावताना तिनं विचारलं, ‘पप्पा, देव बाप्या की बाई?’

मी म्हटलं, विठोबा म्हणजे बाप्या. ती म्हणते, मग आजी त्याला ‘विठाई’ नि ‘माउली’ का म्हणते? वर सौंदत्तीची यल्लम्मा आहेच. शिवाय कन्नडात ‘देवरु बंदरु’ (देव आले) म्हटलं की कोण आलं ते कळतच नाही, बाई असो वा पुरुष, आदरानं क्रियापद एकच. मराठीत मात्र तो देव, ती देवता, ते दैवत! आणि ब्रह्म परत नपुंसकलिंगी.

आई गव्हातले खडे वेचत होती, मान वर न करताच म्हणाली, ‘देवाला काय लुगडं-धोतर असतंय व्हय?’ उत्तर झकास, पण आमच्याच देव्हाऱ्यात यल्लम्माला हिरवं लुगडं आहे, ते पोरीनं लगेच दाखवलं.

अर्धनारीश्वर सांगून पाहिला, तर ‘म्हणजे अर्धा-अर्धा?’ तिथं मी अडकलो.

कुणी कीर्तनकार, वारकरी किंवा वचनांचा (बसवण्णा वगैरे शरणांच्या कन्नड उक्तींचा) अभ्यास असलेले लिंगायत बांधव आहेत का इथं? लिंग हे देवाचं, की आपल्या भाषेचं? नऊ वर्षांच्या पोरीला कळेल असं सांगा. ‘मोठी झालीस की कळेल’ हे सांगून झालंय, चाललं नाही.