एका गोळीचे पाय दुसरी ओढते

कोथरूडच्या ताईंनी विचारलंय: सासूबाईंना अल्झायमरसाठी डोनेपेझिल चालू आहे, मध्येच लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन सुरू झालं आणि गोंधळ वाढला, असं का? कारण दोन्ही औषधं उलट दिशेने काम करतात.

अल्झायमरमध्ये असिटिलकोलीन (मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोनेपेझिल नवं असिटिलकोलीन तयार करत नाही. जे उरलंय ते मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, एवढंच. ऑक्सिब्युटिनिन त्याच असिटिलकोलीनचे मस्करिनिक रिसेप्टर (पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागा) बंद करतं, मूत्राशयातले आणि मेंदूतलेही. आणि मुळात लघवीची घाई डोनेपेझिलमुळेच लागलेली असू शकते. डोस 5 वरून 10 मिलिग्रॅम केल्यावर त्रास सुरू झाला का, तारखा लावून बघा.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटात कळ आली की घेतलेलं डायसायक्लोमिन, झोपेसाठीचं अमिट्रिप्टिलिन, हेही ऑक्सिब्युटिनिनच्याच माळेचे मणी. सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून न्यूरोलॉजिस्टसमोर ओता, नुसती फाइल नेऊ नका. लघवीच्या घाईसाठीचंच दुसरं औषध, मिराबेग्रॉन, चालेल का तेही विचारा; ते या रिसेप्टरच्या वाटेला जात नाही, फक्त बीपीवर लक्ष ठेवावं लागतं.

डोनेपेझिल स्वतःहून बंद करू नका. त्याचं हाफ-लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 70 तास, त्यामुळे डोस बदलल्यावर दोन दिवसांत निष्कर्ष काढणं फोल. मात्र डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते; ती 50 च्या खाली गेली किंवा चक्कर येऊन पडल्या, तर त्याच दिवशी ईसीजी. बीटा-ब्लॉकर (बीपी-हृदयासाठीचं, नाडी मंद करणारं औषध) चालू असेल तर जास्तच सांभाळून.