प्रतिसाद: झार आणि कझाकांचे मदरसे

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की रशियाच्या झारशाहीने मध्य आशियातल्या भटक्या मुस्लिम कझाकांचं धर्मशिक्षण पहिल्यापासून दाबलं. माझ्या मते सुरुवात नेमकी उलटी आहे. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने कझाकांच्या गवताळ प्रदेशात मशिदी बांधवल्या, तातार (रशियातला दुसरा मुस्लिम समाज) मुल्ला पाठवले. भटकी माणसं त्यामुळे 'शिस्तीत' येतील, असा हिशोब! १७८८ साली ओरेनबुर्गची मुस्लिम धर्मसभाही (मुल्ला-मशिदींचा कारभार पाहणारी संस्था) सरकारनेच स्थापली. पुढे तातारांचं वजन वाढतंय म्हटल्यावर सरकार बिथरलं आणि १८६८च्या नियमांनी कझाकांना त्या सभेच्या कक्षेतून काढून टाकलं.

मदरशांच्या जुन्या पद्धतीत मुलं घोकायची: "अलिप उस्तिन आ, अलिप अस्तिन इ." (अरबी 'अलिफ'वर खूण आली की आ, खाली आली की इ.) म्हणजे आपलं 'क ला काना का'च. फरक एवढाच, की अर्थ कळायची घाई कुणालाच नसायची.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो इब्राय अल्टिन्सारिन. हा रशियन-कझाक शाळा काढणारा सरकारी निरीक्षक. १८७९ साली त्याने कझाक वाचनपुस्तक काढलं ते रशियन लिपीत. आणि १८८४ साली त्यानेच इस्लामची ओळख करून देणारं पुस्तक कझाक भाषेत, पण अरबी लिपीत छापलं. पोरांनी धर्म तातार पुस्तकांतून न शिकता आपल्या बोलीत शिकावा, ही त्यामागची धडपड. त्याला नुसता 'रशियनांचा माणूस' म्हणणं मला तरी पटत नाही.

कझाक कवी अबायसुद्धा सेमिपलातिन्स्क शहरात मदरशात शिकत असतानाच रशियन शाळेत जाऊन बसायचा. आणि कझाक कवी मागझान जुमाबायेव हा तर रशियातल्या उफा शहरातल्या गालिया मदरशाचाच विद्यार्थी.