धरणं शहापुरात आणि टँकरही शहापुरातच?

घोडबंदरकर: भातसा, तानसा दोन्ही धरणं आपल्या ठाणे जिल्ह्यातली, मुंबईचं जवळपास अर्धं पाणी एकट्या भातसाचं, आणि उन्हाळा लागला की त्याच शहापूर तालुक्यात पाड्यापाड्यांवर टँकर. माझं म्हणणं, शहरांच्या पाणीपट्टीवर थोडा सेस लावा आणि धरणाजवळच्या गावांना आधी पाणी द्या. आमच्या सोसायटीत पाइप लावून गाड्या धुतात हो!

नेरूळवाला: नवी मुंबईने मोरबे धरण स्वतःचे पैसे मोजून घेतलं. आता अजून सेस कशाला? घरोघरी नळाची जल जीवन मिशन योजना 2019 पासून आहे, माणशी रोज 55 लिटरचं टार्गेट, तो पैसा कुठे गेला ते आधी विचारा.

घोडबंदरकर: पैसे मोजले मान्य, पण मोरब्यात जमिनी गेल्या त्या काय नेरूळच्या होत्या का?

शहापूरचा पोरगा: दोघांचंही अर्धवट. पाडे वर डोंगरावर, धरण खाली. पंपाने पाणी चढवायचं तर वीजबिल ग्रामपंचायत कुठून भरणार, थकलं की कनेक्शन कट आणि योजना बंद. म्हणून तर इगतपुरीच्या भावली धरणातून ग्रॅव्हिटीने पाणी आणायची योजना काढली. आणि नळ बसलेत की बऱ्याच ठिकाणी, पण ज्या विहिरीवर योजना तीच मार्चमध्ये आटते, मग नळाला काय हवा येणार? पाऊस 2500 मिमीच्या आसपास पडतो पण खाली काळा कातळ, सगळं वाहून जातं. ओढ्यांवर मातीच्या गोण्यांचे वनराई बंधारे घाला, विहिरीतला गाळ काढा, सेस नंतर.

मुरबाडची सून: बंधाऱ्याचं पाणी जानेवारीपर्यंत टिकतं, एप्रिल-मेचं काय? डोक्यावरून हंडे आम्ही आणतो, तुम्ही नाही. आणि संडासाचं कुणीच बोलत नाहीये, 12 हजार अनुदानात बांधले, आता आत सरपण भरलंय. हंड्याने आणलेलं पाणी कोण ओतणार तिथे.

नेरूळवाला: दोन खड्ड्यांच्या संडासाला तांब्या-दोन तांबेच लागतात, सवय नाही हे खरं कारण.

मुरबाडची सून: तांब्या-दोन तांबे, आणि घरात माणसं सात. करा हिशोब. शिवाय टँकरचं पाणी विहिरीत ओततात, त्यात जंतू मारायची टीसीएल पावडर पडली की नाही ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकालाच माहीत, पावसाळ्यात पोरांना जुलाब होतातच.

शहापूरचा पोरगा: ताई, एप्रिल-मेचं पटलं. पण मग सेसचा पैसा पंपाच्या वीजबिलालाच बांधून द्या, दरवर्षी. नुसत्या पाइपलाइनला दिला तर ठेकेदार खूश, नळ कोरडा.

घोडबंदरकर: चालेल, हे मला मान्य.

नेरूळवाला: मला नाही. बिल आम्ही भरायचं आणि गावात पाणीपट्टी कुणी भरणारच नाही.